भिली, पावरी, अहिराणी गोळा करणाऱ्यांसाठी तीन दिवसांचं मोबाइल-कॉम्प्युटर ट्रेनिंग घ्यायचंय, नेमकं काय शिकवावं?

सातपुडा_पायथा (तळोदा)

बठ्ठासले राम राम. जरा लांबण लागणारे पण वाचा, आणि कोणाला अनुभव असेल तर मोकळेपणानं सांगा.

आमच्याकडे तळोदा, शहादा, धडगाव, मोलगी या पट्ट्यात १४ जणं आहेत जी आपापल्या परीनं बोलीचं काम करतात. कोणी आश्रमशाळेत मास्तर, दोघी अंगणवाडीताई, एक जण एसटीत कंडक्टर, एकाचं किराणा दुकान, बाकी कॉलेजची पोरं. कोणी भिली म्हणी वहीत उतरवतंय, कोणी पावरी गाणी मोबाइलमध्ये घेतंय, मी अहिराणी घरातला म्हणून कानबाईच्या आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सणाची गाणी गोळा करतो. वह्या भरल्यात, मोबाइल भरलेत. पण कोणाचं काय कुठे आहे हे त्याचं त्यालाच सापडत नाही, दुसऱ्याला तर काहीच कळत नाही.

हे का लिहितोय ते सांगतो. आमच्यातल्या एका काकांनी त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या घेतल्या होत्या, शंभराच्या वर. म्हातारी रोज पहाटे दोन-तीन म्हणायची आणि काका उशाशी मोबाइल ठेवून बसायचे, असं जवळजवळ दोन महिने. मग फोन हँग व्हायला लागला म्हणून दुकानात दिला, दुकानदारानं फॉरमॅट मारून परत दिला, त्याची काही चूक नाही, त्याला काय माहीत आत काय होतं. माउली त्याच पावसाळ्यात गेली. काका अजून त्या विषयावर बोलत नाहीत, आणि मला तेव्हापासून वाटतं की हे ट्रेनिंग आधीच झालं असतं तर.

याआधी एक शिबिर झालं होतं, कोणी घेतलं ते सोडा. दिवसभर पडद्यावर इंग्रजी स्लाइड, सॉफ्टवेअरची नावं, मोठमोठे प्रकल्प. सर चांगले होते, मनापासून सांगत होते, पण संध्याकाळी घरी जाताना कोणाच्याही मोबाइलमध्ये आदल्या दिवसापेक्षा वेगळं काही नव्हतं. तसं परत नको.

वाचनात आलं की अमेरिकेत सांता फे गावी इंडिजिनस लँग्वेज इन्स्टिट्यूट म्हणून संस्था आहे, ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी राबणाऱ्यांना तंत्रज्ञानाचं ट्रेनिंग देत आलीये, आणि ॲरिझोना विद्यापीठात तर १९७८ ला दुसरीकडे सुरू झालेले असे उन्हाळी वर्ग चालत आलेत. म्हणजे जो भाषा बोलतो त्याच्याच हातात साधन द्यायचं. मला हेच करायचंय. आपल्याकडे लॅपटॉप तीनच आहेत, मोबाइल सगळ्यांकडे, नेटवर्क रामभरोसे. तीन दिवसांत काय शिकवू?

जुना_डीटीपीवाला (धुळे)

सर राम राम. मी १९९४ पासून टायपिंगच्या धंद्यात आहे, लग्नपत्रिकेपासून कवितासंग्रहापर्यंत सगळं केलंय, त्यामुळे माझ्या कामापुरतं सांगतो. पहिला अर्धा दिवस फक्त लिहिणं शिकवा, आणि ते युनिकोडमध्येच, म्हणजे फॉन्ट बदलला तरी अक्षर तेच राहतं अशा पद्धतीत. यावर तडजोड नको.

कारण सांगतो. मी स्वतः एका कवींचा अहिराणी संग्रह टाइप केला होता, तेव्हाच्या जुन्या फॉन्टमध्ये, त्या वेळी दुसरं काही नव्हतंच. पुस्तक छापलं, छान झालं. पंधरा वर्षांनी त्यांच्या मुलानं फाइल मागितली, उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. तो फॉन्ट आता कुठल्या मशीनवर नाही, कन्व्हर्टर लावला तर जोडाक्षरं सगळी मोडली. शेवटी छापील पुस्तक समोर ठेवून मी पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं, पैसे घेतले नाहीत. खानदेशात अशा कितीतरी फाइली लोकांच्या कपाटात सीडीवर पडल्यात, त्या अजून जिवंत आहेत असं घरच्यांना वाटतंय.

दुसरी गोष्ट, आणि ही अहिराणीवाल्यांनी कान देऊन ऐका. आपल्या बोलीत "ऱ्हायना" शिवाय वाक्य पुढे सरकत नाही. जाई ऱ्हायना (जातोय), करी ऱ्हायना, बोली ऱ्हायना. आता हे लोक मोबाइलवर तीन प्रकारे टाइप करतात. एक "ऱ्हायना", यात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आहे, मग पाय मोडायचा, मग ह. दुसरं "र्‍हायना", दिसायला अगदी सारखंच, पण आत साधा र आणि एक न दिसणारं जोडचिन्ह बसलेलं असतं. तिसरं "र्हायना", इथे रफार वर गेला, हे तर दिसायलाही चूक. डोळ्याला पहिली दोन एकच, कॉम्प्युटरला तिन्ही वेगळी. माझ्याकडे एका मास्तरांनी गोष्टींची फाइल आणली होती, त्यात शोधलं तर "ऱ्हायना" अकरा वेळा सापडला. मी म्हटलं असं होणारच नाही, एका गोष्टीतच अकरा असतील. बाकीचे सगळे दुसऱ्या दोन रूपांत लपले होते. आता उद्या कोणी यातून शब्दकोश काढायला बसला तर त्याला एकाच शब्दाचे तीन शब्द मिळणार.

म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा, नुक्त्याचा ऱ. लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट (देवनागरीचा ठरलेला) कीबोर्ड असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, झालं ऱ्ह. दहा वेळा करून घ्या, बोटाला सवय लागते. आणि मोबाइलवरचं आपोआप दुरुस्त करणं बंद करायला शिकवा. आपण "डोया" लिहिलं की तो "डोळा" करतो, "सकाय" लिहिलं की "सकाळ". आपल्याला कळतही नाही आणि अहिराणीची मराठी होऊन जाते. बोलून टाइप करणं तर अजिबात नको, ते मराठीच ऐकतं, त्याला जवळचा वाटेल तो मराठी शब्द ठोकून देतं.

मना की मन्हा (माझा), तुना की तुन्हा (तुझा), यावर भांडण होईल, होऊ द्या. पण त्यात अख्खा दिवस घालवू नका, जो जसा बोलतो तसं लिहू दे आणि बाजूला गावाचं नाव टाकू दे. साक्रीचा माणूस आणि चोपड्याचा माणूस सारखा बोलणार नाहीच.

पाड्यावरची_नात (धडगाव)

दादा, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. मी पावरी बोलते, नर्सिंग शिकलेय, गेली चार वर्षं आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करते. मला कोणी शिकवलं नाही, चुका करत करतच शिकले, त्यातलं सांगते.

आधी आवाज. माझी पहिली सगळी रेकॉर्डिंगं वाया गेल्यात जमा आहेत. आजी आमचूरसाठी कैऱ्या कापत बसलेली, मी मोबाइल शेजारी फरशीवर ठेवलेला. नंतर ऐकलं तर सुरी लाकडावर आपटल्याचा ठक ठक आवाज पुढे आणि आजी लांब कुठेतरी. आता मी मोबाइल घडी घातलेल्या गोधडीवर ठेवते, तोंडापासून वीतभर लांब, विमान मोडवर टाकून, कारण ऐन गाण्यात कोणाचा तरी फोन येतोच. शर्टाला लावायचा छोटा वायरवाला माइक घेतला तेव्हापासून खूप फरक पडला, महागाचा नाहीये. कैऱ्या कापताना बोलणं बंद करायला सांगत नाही मी, कारण हात चालू असला की आजीला शब्द आठवतात. नुसतं "कैरीबद्दल सांग" म्हटलं तर ती दोन वाक्यं बोलून गप्प बसते. कापताना, वाळवताना, पोत्यात भरताना तिचं तोंड सुरूच असतं. पोरांना हेच शिकवा, शब्दांची यादी घेऊन म्हाताऱ्या माणसासमोर बसू नका, त्यांच्या कामाजवळ जाऊन बसा.

मग व्हॉट्सॲप. आम्ही सगळे रेकॉर्डिंग व्हॉइस मेसेजनंच एकमेकांना पाठवायचो. त्यानं आवाज दाबला जातो, बारीक फरक निघून जातो. रेकॉर्डरमध्ये वेव्ह फॉरमॅट निवडायचा, आणि पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. एका तासाची वेव्ह साधारण ३०० ते ३५० एमबी होते, ६४ जीबीच्या कार्डात दीडशे तासांच्या वर बसतं, म्हणजे जागेचं कारण कोणी सांगू नये.

आणि परवानगी. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि शिबिरांमध्ये हेच शेवटी पाच मिनिटांत उरकतात. कागदावर सही घ्यायला गेलं की आमच्याकडची म्हातारी माणसं घाबरतात, कागदावर अंगठा म्हणजे जमीन गेली असं त्यांनी पाहिलंय. मी रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्याच बोलीत विचारते, हे कोणाकोणाला ऐकवू, फक्त घरच्यांना की शाळेतल्या पोरांना की मोबाइलवर सगळ्या जगाला, आणि त्यांचं उत्तर त्याच फाइलीत राहतं. बडवा पूजेत जे म्हणतो ते मी घेत नाही. एकदा एका पाहुण्यानं येऊन तसं काहीतरी शूट करून यूट्यूबवर टाकलं होतं, गावात दोन महिने कोणी कोणाला मोबाइल काढू देत नव्हतं. माझं काम तेव्हा बंद पडलं.

तारखा ठरवताना विचार करा दादा. दिवाळी झाली की आमचे निम्मे पाडे गुजरातला ऊसतोडीला जातात. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार लागले की कोणी वर्गात बसणार नाही, बसूही नये. पेरणीत तर नाहीच. निंदणी आटोपून दिवाळीच्या आधीचा काळ बरा. आणि बायका हव्या असतील तर मुक्कामी शिबिर तळोद्याला ठेवू नका, त्यांना घरचे सोडणार नाहीत, आणि गाणी तर बायकांकडेच आहेत.

केळीपट्टा (रावेर)

आमच्या लेवा गणबोलीचे दोघे येऊ शकतात का? खर्च आमचा आम्ही करू.

बहिणाबाईंना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या कामात असताना म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव नि घरातलं एक माणूस ते कागदावर उतरवायचं, म्हणून १९५२ मध्ये त्यांच्या कवितांचं पुस्तक झालं. असोद्याच्या आजूबाजूला तशा म्हणणाऱ्या अजून किती बाया झाल्या असतील, त्यांच्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं. वरच्या ताईंचं वाचून तेच आठवलं, कामाजवळ बसायचं.

अमळनेरचा_पोरगा (सध्या पुणे)

सर, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि भाषाशास्त्राचा एक कोर्स केलाय, त्यामुळे साधनांबद्दल सांगतो, पण आधीच म्हणतो की वरच्या दोघांनी जे सांगितलं ते माझ्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

मोफत आणि चांगली साधनं बरीच आहेत. आवाज कापायला-छाटायला ऑडॅसिटी. आवाजाखाली ओळीला ओळ लावून लिहायचं असेल तर ईलान, नेदरलँड्सच्या मॅक्स प्लँक संस्थेनं केलेलं, त्यात एक ओळ पावरी, खाली मराठी अर्थ, असं लावता येतं आणि ओळीवर क्लिक केलं की तेवढाच आवाज वाजतो. शब्दकोशासाठी फील्डवर्क्स. वेगळा कीबोर्ड बनवायचा असेल तर कीमॅन. पण तीन दिवसांत हे सगळं दाखवायला गेलात तर तुमच्या आधीच्या शिबिरासारखंच होईल. तीन लॅपटॉप आहेत ना, मग ज्या तिघांना कॉम्प्युटरची गोडी आहे त्यांनाच ईलान शिकवा, बाकीच्यांनी रेकॉर्डिंग करून त्यांच्याकडे द्यायचं. शब्दांसाठी साधी एक्सेलची शीट पुरते, बोलीतला शब्द, मराठी अर्थ, एक वाक्य, कोणी सांगितला, गाव, तारीख, आवाजाच्या फाइलीचं नाव. ही शीट नीट भरली असेल तर पुढे कुठल्याही मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते, आणि नीट भरली नसेल तर कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही.

सराव म्हणून एक सुचवतो. ग्रियर्सनच्या ब्रिटिश काळातल्या भाषा-सर्वेक्षणाचा नववा खंड, तिसरा भाग, १९०७ सालचा, त्यात भिल्ल बोली आणि खानदेशी आहे. त्या सर्वेक्षणात बोलीबोलीतून एकच, बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट उतरवून घेतली होती. ती तुमच्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि म्हणा आता तुमच्या घरी ही कशी सांगतात ते बोला. शंभर वर्षांपूर्वीचं लिहिलेलं ऐकून लोक लगेच "असं नाही म्हणत आम्ही" म्हणून सुरू होतात, अमळनेरला आम्ही केलं होतं, दीड तास रेकॉर्डिंग मिळालं एका बैठकीत.

आता थोडं मोठं चित्र, कारण पोरं विचारतील की एआय आलंय, मग आपण कशाला लिहायचं. सरकारचं भाषिणी, म्हणजे मशीननं भाषांतर करणारी योजना, २०२२ ला सुरू झालं, त्याचा मुख्य भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर. त्या २२ मध्ये ना भिली ना अहिराणी. दुसरीकडे म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेची संकटग्रस्त भाषांची योजना आहे २०१३ पासून, ती दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांसाठी. आणि २०११ च्या जनगणनेत भिली १ कोटी ४ लाख, खानदेशी साडेअठरा लाखांच्या वर. म्हणजे एकीकडे आपण अनुसूचीत नाही, दुसरीकडे मरायला टेकलेले नाही, मधल्या मधे राहिलो. २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयानं आदिवाणी नावाचं भाषांतराचं ॲप आणलं, त्यात भिली आहे ही चांगली गोष्ट, पण ती मध्य प्रदेशातली भिली. धडगाव-अक्कलकुव्याची वेगळी पडते, ती कोणीतरी बोलून-लिहून दिल्याशिवाय मशीनला कुठून येणार?

पण द्यायची कोणाला नि कशी, हेही शिकवा. मोझिलाचा कॉमन व्हॉइस हा लोकांचे आवाज गोळा करणारा प्रकल्प आहे, तिथे दिलेला आवाज जगात कोणालाही कशासाठीही वापरता येतो. त्याचा फायदा आहे, खुलं असल्यामुळे गरीब विद्यार्थीही वापरू शकतो. पण न्यूझीलंडमध्ये उत्तरेला काइताया गावात माओरी रेडिओ आहे, ते हिकू मीडिया. त्यांनी २०१८ मध्ये स्पर्धा लावली, दहा दिवसांत ३०० तासांच्या आसपास माओरी वाचन लोकांकडून गोळा झालं, त्यावर माओरी ऐकून लिहिणारं यंत्र त्यांनी स्वतः केलं. बाहेरच्यांनी तो आवाज मागितला तर दिला नाही, स्वतःचा परवाना बनवला, की हा आवाज लोकांचा आहे, आम्ही राखणदार आहोत, वापर लोकांच्या भल्यासाठीच. मला स्वतःला दुसरा रस्ता पटतो, निदान गाण्यांसाठी आणि कथांसाठी तरी. सुट्या शब्दांना खुलं ठेवायला हरकत नाही. पण हे मी पुण्यात बसून ठरवायचं नाही, धडगावच्या ताईंनी आजीला जे तीन प्रश्न विचारले तेच यावरचं उत्तर आहे.

जुना_डीटीपीवाला (धुळे)

एक राहिलं. फाइलीला नाव द्यायला शिकवा. "आजी नवीन २ फायनल" असली नावं नकोत. आधी वर्ष, महिना, तारीख, मग गाव, मग बोली, मग विषय. २०२५०९१४_मोलगी_भिली_लग्नगाणं_०१ असं. अक्षरं रोमनमध्ये ठेवली तर जुन्या मशीनवरही अडत नाही. आणि प्रत्येक फाइल तीन ठिकाणी, एक मोबाइलच्या कार्डात, एक लॅपटॉप नाहीतर हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या माणसाकडे. एकाच घरात तीन कॉप्या ठेवल्या तर त्या तीन नव्हेत, घरात पाणी शिरलं की तिन्ही जातात.

सातपुडा_पायथा (तळोदा)

सगळ्यांचे आभार, मी हे सगळं प्रिंट काढून गटात वाचून दाखवलं. काकाही होते. ते म्हणाले ट्रेनिंगला मी येतो, तीन कॉप्यांचं मी सांभाळतो, सगळ्यांकडून दर आठवड्याला कार्ड घेऊन डिस्कवर उतरवायचं काम माझं. कोणी काही बोललं नाही त्यावर, पण ते काम आता त्यांचंच.

ठरलं ते असं. तळोद्याला नाही, धडगाव तालुक्यातच घेतोय, बायकांना संध्याकाळी घरी जाता येईल असं, गणपतीनंतर. पहिला दिवस लिहिणं आणि ऱ्ह, दुसरा दिवस पाड्यावर जाऊन खरंखुरं रेकॉर्डिंग, वर्गात नाही. परवानगीचं दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं, निघायच्या आधी. तिसऱ्या दिवशी नावं देणं, शीट भरणं, आणि तिघांचं ईलान बाजूला. भाऊ पुण्याहून येणार आहेत. रावेरच्या दोघांनाही या म्हणतो, खर्चाचं बघू.

ताई, तुमच्या आजोबांकडे पाच-सहा जणांना दुपारी घेऊन आलो तर चालेल का? त्यांना एखादी मोठी कथा सांगायची इच्छा असेल तर सगळ्यांनी मिळून ती घेऊ.

पाड्यावरची_नात (धडगाव)

विचारलं दादा. या म्हणाले, पण दुपारी नाही. ते दिवसा कथा सांगत नाहीत, कधीच सांगितली नाही, जेवणं झाल्यावर शेकोटीजवळच. आणि पाच-सहा जण चालतील पण मधे कोणी उठायचं नाही आणि ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हुंकार बंद झाला की ते थांबतात. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये आपले हुंकार येणार, ते येऊ द्या.

मोबाइल पूर्ण चार्ज करून आणा, आमच्याकडे सोलर आहे पण पावसाळी हवेत भरवसा नाही. कथा किती लांबेल विचारलं तर म्हणाले झोप येईपर्यंत. कार्ड रिकामं करून आणा.

सातपुडा_पायथा (तळोदा)

मग दुसऱ्या दिवशीचं दुपारचं सत्र काढून टाकलं, रात्री ठेवलं. बायकांची घरी जायची अडचण आहे त्या दिवशी, पण तुमच्या पाड्यावरच्या तिघी तर तिथल्याच आहेत, दोघींची सोय तुमच्या घरी होईल का तेवढं कळवा. पॉवर बँक चार आहेत, सगळ्या आणतो.